सेप्सिस झालेल्या मुलाचं पोट ‘रिकामं’ ठेवायचं?

मूल सेप्सिसने (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव धोक्यात येतात, त्या स्थितीने) आयसीयूत असलं की बाहेर बाकड्यावर दोन सल्ले हमखास कानावर येतात: पोटाला आराम द्या, आणि झिंक किंवा ग्लुटामाइन (प्रथिनांचा एक घटक) असं ‘ताकदीचं’ काहीतरी सुरू करा.

दुसरा सल्ला शास्त्रीय वाटतो, कारण गंभीर आजारात रक्तातलं झिंक, सेलेनियम खरंच घटतं. मग वरून भरलं की झालं, असा हिशेब. तो अमेरिकेत तपासून झालाय. अत्यवस्थ मुलांच्या एका गटाला झिंक, सेलेनियम, ग्लुटामाइन आणि मेटोक्लोप्रमाइड (उलटीवरचं औषध) दिलं, दुसऱ्याला नुसतं व्हे, म्हणजे दुधातलं प्रथिन. त्यामुळे नवा जंतुसंसर्ग काही उशिरा झाला नाही. फायद्याची आशा उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. निकाल 2012 सालचा, दुकानातले डबे मात्र अजून तेच सांगतात! प्रौढांच्या 2013च्या चाचणीत तर ग्लुटामाइन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. म्हणजे ‘निदान अपाय तरी नाही’ हेही धरून चालता येत नाही.

आता आराम. आतड्याच्या अस्तराला पोषण मोठ्या प्रमाणात आतल्या अन्नातूनच मिळतं. उपाशी ठेवलं की ते झिजतं. म्हणून मुलांच्या सेप्सिसच्या 2020च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तज्ज्ञ आपली पसंती सांगतात, की अडचण नसेल तर 48 तासांच्या आत नाकातल्या नळीने दूध सुरू करावं. आईचं दूधही चालतं, सुरुवातीला अगदी थोडंथोडं. रक्तदाब टिकवायची औषधं चालू आहेत एवढ्यावरून ते थांबवायचं नाही. आतडं अडलं असेल किंवा रक्तदाब सावरतच नसेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय डॉक्टरांचा.