संग्रहालयातील कीड

वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये व हस्तलिखितांची भांडारे यांतील कागद, कापड, लाकूड, कातडे, पिसे अशा सेंद्रिय वस्तू खाणाऱ्या किंवा पोखरणाऱ्या कीटकांना संग्रहालयातील कीड म्हणतात. वाळवी आणि कसर सोडल्यास नुकसान बहुधा अळ्याच करतात.

लोकर, केस व पिसे यांतील केराटीन हे प्रथिन फार थोड्या प्राण्यांना पचते. लोकरीवरील पतंगाच्या आणि काही भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यांपैकी होत. घामाचे वा खरकट्याचे डाग पडलेली लोकर त्या आधी खातात. अशाच एका भुंगेऱ्याला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७६१ मध्ये ‘म्युझिओरम’, म्हणजे ‘संग्रहालयांचा’, असे जातिनाम दिले. प्रौढ भुंगेरा फुलांतील परागांवर जगतो व उजेडाकडे ओढला जातो. त्याची केसाळ अळी मात्र पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या पिसांत अंधारात चरत असते. त्यामुळे खिडकीच्या कडेला मरून पडलेले दोन-चार भुंगेरे दिसले, तर कपाटे उघडून पाहावीत.

कागदावर कसर वरचा खळीचा थर खरवडते, तर सिगारेट भुंगेऱ्याची अळी पानांमधून आरपार गोल भोक पाडत जाते. लाकूड किंवा बांबू पोखरला गेल्याचे बहुधा खाली पडलेल्या पिठावरूनच कळते.

पोथ्या लाल फडक्यात बांधून त्यांत वेखंड वा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत जुनी आहे. तीत रंगापेक्षा घट्ट बांधणीचा उपयोग अधिक असावा. चुकीचा मजकूर ज्या हरताळाने झाकत (‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला), ते आर्सेनिकचे विषारी संयुग असून कागदाला कीड लागू नये म्हणूनही वापरले जाई. एकोणिसाव्या शतकात प्राण्यांच्या कातड्यांना आर्सेनिकयुक्त साबण चोळत. असे नमुने आजही हातमोजे घालूनच हाताळावे लागतात.

मिथाइल ब्रोमाइडची धुरी ओझोनच्या थराला घातक ठरल्याने मागे पडली. आता चिकट सापळे लावून कीटकांची नोंद ठेवतात आणि कीड लागलेली वस्तू प्राणवायू जवळजवळ काढून टाकलेल्या बंदिस्त आवरणात काही आठवडे ठेवतात, किंवा पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३ दिवस गोठवतात. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाहीत, कारण थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प जमून वस्तू ओली होते.