माद्रिदचा प्लासा मायोर: आगींनी घडवलेला बाजारचौक

माद्रिदच्या प्लासा मायोरमध्ये उभं राहिलं की चारी बाजूंना एकसारख्या तीनमजली इमारती, २३७ बाल्कन्या आणि मध्ये सुमारे १२९ बाय ९४ मीटरची फरसबंद जागा दिसते. एका हाताने, एका दमात आखल्यासारखी. प्रत्यक्षात तिला हे रूप यायला दोन शतकांहून जास्त काळ लागला.

पंधराव्या शतकात इथे शहराच्या वेशीबाहेरचा बाजार भरायचा. नावच मुळी ‘प्लासा देल आर्राबाल’, म्हणजे वेशीबाहेरच्या वस्तीचा चौक. १५६१ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने दरबार माद्रिदला हलवला आणि या वेड्यावाकड्या बाजाराला शिस्त लावायची गरज भासू लागली. पहिली इमारत उभी राहिली ती ‘कासा दे ला पानादेरिया’. तिचं काम १५९० मध्ये सुरू झालं. राजधानीची पोळीभाकरी म्हणजे पाव, त्यामुळे खाली पावाची पेढी आणि वर राजघराण्यासाठी दालनं! समोरची ‘कार्निसेरिया’ मांसाचं कोठार होती. चौक पूर्ण केला वास्तुविशारद हुआन गोमेस दे मोरा याने, १६१७ ते १६१९ या काळात.

खरी गोम बांधकामात होती. खाली दगडी खांबांची ओसरी, वर विटा, पण आतला सांगाडा लाकडाचा, आणि घरं पाच मजल्यांची, एकमेकांना चिकटलेली. आग लागली की ती तुळयांवरून शेजारच्या घरात शिरायची. १६३१ मध्ये मोठी आग लागली, त्याच शतकात पानादेरियाही जळाली आणि १७९० मध्ये चौकाचा सुमारे एक तृतीयांश भाग खाक झाला.

त्यानंतर वास्तुविशारद हुआन दे विलानुएवाने पाचाचे तीन मजले केले, कोपरे बंद केले आणि चौकात येणाऱ्या रस्त्यांच्या तोंडांवर कमानी चढवल्या. आज जो ‘बंदिस्त’ चौक आपल्याला अस्सल वाटतो, तो खरं तर त्याचा. काम त्याच्या हयातीत संपलं नाही. शिष्यांनी ते १८५४ पर्यंत रेटलं.

नैऋत्येच्या कुचियेरोस कमानीखालून उतरताना जमिनीची गंमत कळते. कुचियेरोस म्हणजे सुऱ्या करणारे. खाटकांना लागणारी हत्यारं तिथे बनायची. चौक सपाट केला, पण शेजारचा रस्ता खालीच राहिला, म्हणून इथे उंच पायऱ्या आहेत. लगतच्या कावा दे सान मिगेल रस्त्यावर घरांच्या खालच्या भिंती तिरक्या, पायाशी जाड दिसतात. वरच्या भरावाचा रेटा त्याच पेलतात.