झित्सेनब्लायबेन : जोडून की तोडून?

जर्मनमध्ये 'झित्सेन' म्हणजे बसणे आणि 'ब्लायबेन' म्हणजे राहणे. दोन्ही शब्द तोडून लिहिले की अर्थ सरळ असतो : जागेवरून न उठणे. जोडून 'झित्सेनब्लायबेन' लिहिले की मात्र जर्मन वाचकाला आधी शाळा आठवते, कारण तेव्हा त्याचा अर्थ नापास होऊन त्याच वर्गात राहणे असा होतो. वरच्या वर्गात जाण्याला तिकडे 'फेरझेत्सुंग' म्हणतात, म्हणजे शब्दशः एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवणे. ज्याला उचलले नाही तो बसून राहिला.

पुढे अर्थ आणखी फुटले. माल खपला नाही की दुकानदार त्यावर 'बसून राहतो'. खर्चाचा वाटा कुणी उचलला नाही की नगरपालिका त्या खर्चावर बसून राहते. केकचे पीठ फुगले नाही तर काही भागांत त्यालाही हेच क्रियापद लावतात. लग्न न जमलेल्या मुलीबद्दलही ते वापरत. तो वापर आता जुनाट आणि अपमानकारक समजला जातो, आणि ते बरेच झाले.

बर्लिनमध्ये 1901 साली झालेल्या परिषदेने जर्मन लेखनाचे समान नियम ठरवले, पण शब्द कुठे जोडायचे आणि कुठे तोडायचे याची नीट घडी त्यात बसवली नव्हती. ते काम पुढच्या काही दशकांत डुडेन कोशाच्या संपादकांनी केले. कोनराड डुडेन हे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा कोश 1880 मध्ये निघाला होता. पश्चिम जर्मनीच्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी 1955 मध्ये ठरवले की शंका असेल तिथे डुडेन प्रमाण. त्यामुळे एका खाजगी प्रकाशनाच्या कोशाला जवळजवळ कायद्याचे वजन आले.

डुडेनचा नियम अर्थावर चालत असे : खुर्चीवर बसून राहायचे तर तोडून, वर्गात बसून राहायचे तर जोडून. कानालाही हा फरक कळतो. नापास होण्याच्या अर्थी सगळा जोर 'झित्स'वर पडतो. नुसते बसून राहण्याच्या अर्थी 'ब्लायबेन'वरही जोर देता येतो. पण सगळीकडे हा न्याय नव्हता. सायकल चालवणे, 'राडफाहरेन', जोडून. आणि मोटार चालवणे, 'आउटो फाहरेन', तोडून. याचे कारण विद्यार्थ्याला काय सांगणार?

असल्या विसंगतींवर बोट ठेवूनच सुधारणा आली. 1 जुलै 1996 रोजी व्हिएन्नात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इतर काही देशांनी करार केला, आणि 1 ऑगस्ट 1998 पासून नवे नियम लागू झाले. दोन क्रियापदे शेजारी आली की तोडायची, अर्थ काही का असेना. सुधारकांचे म्हणणे असे की साध्या वाक्यात हे क्रियापद तसेही फुटतेच. 'एर ब्लाय्ब्ट झित्सेन' (तो बसून राहतो) याचे दोन्ही अर्थ होतात आणि कुणाचे काही अडत नाही. मुद्दा खोडायला सोपा नाही, कारण सगळा वाद मूळ रूप, भूतकाळवाचक धातुसाधित आणि गौण वाक्याचा शेवट एवढ्यापुरताच आहे. तरीही बोलताना ऐकू येणारा भेद कागदावरून पुसून कोणाची सोय झाली, हे मला पटलेले नाही.

लेखकांनाही पटले नाही. 1996 च्या फ्रँकफुर्ट पुस्तक मेळ्यात निघालेल्या निषेधाच्या पत्रकावर ग्युंटर ग्रास यांची सही होती. श्लेसविग-होल्श्टाइन या जर्मन राज्याच्या मतदारांनी सप्टेंबर 1998 मध्ये सार्वमतात सुधारणा नाकारली, आणि वर्षभरातच तिथल्या विधिमंडळाने तो कौल फिरवला. 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' हे दैनिक 2000 मध्ये जुन्या लेखनाकडे परतले. 2004 च्या ऑगस्टमध्ये 'श्पीगेल' साप्ताहिकाने आणि श्प्रिंगर या वृत्तपत्र समूहानेही तीच घोषणा केली.

अखेर 2004 च्या डिसेंबरात जर्मन लेखन परिषद नेमली गेली. अध्यक्षपदी हान्स त्सेहेटमायर. सुधारणा मंजूर झाली तेव्हा बव्हेरियाचे शिक्षणखाते याच गृहस्थांकडे होते. 2005 मध्ये बहुतेक राज्यांनी बिनवादाचे नियम सक्तीचे केले, पण बव्हेरिया आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया थांबून राहिले. तेव्हाचे बव्हेरियाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टॉयबर स्वतः शाळेत लॅटिनपायी एकदा त्याच वर्गात बसलेले, हा योगायोग मजेशीर आहे.

परिषदेची दुरुस्ती 1 ऑगस्ट 2006 पासून लागू झाली. शब्दशः अर्थ असेल तर तोडूनच. लाक्षणिक अर्थ असेल आणि दुसरे क्रियापद 'ब्लायबेन' किंवा 'लासेन' (सोडणे, राहू देणे) असेल तर तोडून किंवा जोडून, दोन्ही चालेल. ओळख होणे या अर्थाच्या 'केनेनलेर्नेन'लाही हीच सवलत मिळाली. 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने'ने मग 2007 च्या जानेवारीपासून नवे लेखन स्वीकारले.

ही तडजोड अर्धीच आहे. जोडून लिहिलेले 'झित्सेनब्लायबेन' एकच गोष्ट सांगते, तोडून लिहिलेले दोन. परीक्षेत दोन्ही बरोबर धरतात, पण पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्याने नापास होण्याबद्दल लिहिताना जोडूनच लिहावे; वाचणाऱ्याला थांबावे लागत नाही. नाम म्हणून वापरले, 'दास झित्सेनब्लायबेन', तर प्रश्नच नाही : पहिले अक्षर मोठे आणि शब्द एक. हे नाम वर्तमानपत्रांत पुष्कळदा दिसते ते लेखनाच्या वादामुळे नव्हे. हॅम्बुर्ग राज्याने 2010 पासून नापासांना त्याच वर्गात बसवण्याची पद्धतच टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि कच्च्या विद्यार्थ्यांना जादा शिकवणी देऊ केली. इतर राज्यांत त्यावर अजून वाद चालतो.