ल्यूथरचं सफरचंदाचं झाड

‘उद्या जग बुडणार असं कळलं, तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन.’ सोळाव्या शतकातला जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या नावावर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. वाक्य सुंदर आहे, पण त्याचं नाही. ल्यूथर 1546 मध्ये वारला, आणि या वाक्याची सर्वांत जुनी लेखी नोंद सापडते ती ऑक्टोबर 1944 ची, जर्मनीतल्या हेसन भागातल्या एका पाळकाच्या (ख्रिस्ती धर्मगुरूच्या) पत्रात. महायुद्ध हरत चाललेलं, शहरं जळत होती. अशा वेळी हे वाक्य का पसरलं असेल, ते कळतं.

गंमत म्हणजे सफरचंदं ल्यूथरच्या खऱ्या पत्रात आहेत. 1530 मध्ये कोबुर्ग किल्ल्यातून त्याने चार वर्षांच्या हान्सला, आपल्या मुलाला, एका बागेबद्दल लिहिलं: सोनेरी अंगरखे घातलेली मुलं, सफरचंदं, चेरी, सोन्याच्या लगामांची तट्टं.

मनाला आधार हवा असेल तर तो खोट्या अवतरणात शोधायची गरज नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, सारी सृष्टी कण्हते आहे, पण प्रसूतिवेदनांनी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, तर माणसं वर स्वर्गात जात नाहीत, देवाची नगरीच खाली उतरते.