वॉट्स यांची चौथी मुदत : एका शब्दाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचे जे. सी. वॉट्स यांची ओळख ‘माजी फुटबॉलपटू, व्यावसायिक, मिनिस्टर आणि खासदार’ अशी एका दमात करून दिली जाते. यातला ‘मिनिस्टर’ म्हणजे मंत्री नव्हे. मंत्रिपद वॉट्स यांच्या वाट्याला कधीच आलं नाही. आपल्याकडची ख्रिस्ती माणसं ज्याला पाळक म्हणतात, त्या अर्थाने ते बॅप्टिस्ट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, दीक्षित पाळक आहेत. हे आधी सांगायला हवं, कारण तीनच मुदतींचा शब्द मोडून २००० साली चौथ्यांदा उभं राहण्याचा जो निर्णय त्यांनी घेतला तो एखाद्या मुरलेल्या पुढाऱ्याने घेतला असता तर लोक चार दिवसांत विसरले असते. रविवारी व्यासपीठावरून मुलांना शब्द पाळायला शिकवणाऱ्या माणसाने तो घेतला, म्हणून तो टोचला.

वॉट्स यांचा जन्म १९५७चा, युफॉला या छोट्या गावातला. वडील पाळक होते, गुरं राखायचे, गावातले पहिले कृष्णवर्णीय पोलीसही तेच. काका राज्यातल्या नागरी हक्क चळवळीतलं मोठं नाव. गावातल्या ज्या शाळेत वॉट्स आणि आणखी एक मूल असे दोनच कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्यांदा बसले, त्या शाळेला नाव होतं जेफरसन डेव्हिस यांचं, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या अध्यक्षाचं.

फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा, भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारे खेळाडू. १९८० आणि १९८१ असे लागोपाठ दोन ऑरेंज बोल, म्हणजे विद्यापीठ संघांचे मानाचे सामने, संघाने जिंकले आणि दोन्ही वेळा सर्वोत्तम खेळाडू वॉट्सच ठरले. न्यूयॉर्कच्या एका व्यावसायिक संघाने त्यांना नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आठव्या फेरीत निवडलं, पण क्वार्टरबॅक म्हणून खेळवण्याची तयारी तिथे दिसेना. ते कॅनडात ओटावाला गेले. त्याच वर्षी, साखळीत सोळापैकी फक्त पाच सामने जिंकलेला हा संघ ग्रे कपच्या, म्हणजे कॅनडाच्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मध्यंतराला २०-१ अशी आघाडी होती. अखेरच्या क्षणी एडमंटनने २६-२३ असा सामना काढला. १९८६मध्ये टोरंटोच्या संघातून ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर धंदा, मग धर्मसेवा, मग राजकारण असा क्रम सांगितला जातो, तो बरोबर नाही. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. ओक्लाहोमाला परतल्यावर त्यांनी महामार्ग बांधणीची कंपनी काढली. त्याच सुमारास डेल सिटीतल्या एका मंडळीत ते तरुणांसाठी सेवाकार्य करू लागले. पाळक म्हणून दीक्षा मिळाली १९९३मध्ये, म्हणजे तोवर ते निवडून येऊन सरकारी पदावर बसले होते. धंदा करताना सरकारी नियमांचा जाच झाला आणि म्हणून राजकारणात आलो, असं ते सांगत. डेमोक्रॅट घरातला हा मुलगा १९८९मध्ये रिपब्लिकन झाला आणि १९९०मध्ये राज्याच्या नियामक आयोगावर निवडून आला. तेल, वायू, वीज, टेलिफोन यांवर देखरेख ठेवणारा हा आयोग. नियमांना वैतागलेला कंत्राटदार नियम राबवणाऱ्या खुर्चीत बसला, आणि राज्यभरातल्या मतदानातून निवडून आलेला तो ओक्लाहोमातला पहिला कृष्णवर्णीय ठरला.

१९९४मध्ये केंद्रीय संसदेच्या प्रतिनिधिगृहातली, ओक्लाहोमाच्या चौथ्या मतदारसंघाची जागा मोकळी झाली. बहुसंख्य मतदार श्वेतवर्णीय. टिंकर हवाई तळ आणि फोर्ट सिल ही लष्करी ठाणी याच मतदारसंघात. प्रतिस्पर्ध्याने वॉट्स यांचा शाळेतला, मोठ्या गोल ‘आफ्रो’ केसांचा फोटो जाहिरातीत दाखवला. त्यातून काय सुचवायचं होतं हे मतदारांना कळलं असणार. तरीही वॉट्स सुमारे ५२ टक्के मतं घेऊन जिंकले. प्रतिनिधिगृहातल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटात ते गेले नाहीत, त्यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. माझ्या मते तो वाद मूळ मुद्द्यावरून लक्ष हटवणारा होता. गटात जायचं की नाही याबद्दल त्यांनी मतदारांना काही वचन दिलेलं नव्हतं.

वचन दिलं होतं ते मुदतीचं. तीन मुदती, सहा वर्षं, मग घरी.

इथे ‘मुदतमर्यादा’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ अजूनही होते. पहिली, राज्याचा कायदा. ओक्लाहोमाने १९९०मध्ये आपल्या विधिमंडळ सदस्यांना बारा वर्षांची मर्यादा घातली. तेव्हा ही लाट देशात नवी होती. सप्टेंबर १९९४मध्ये तिथल्याच मतदारांनी केंद्रातल्या आपल्या प्रतिनिधींनाही तीन मुदतींची मर्यादा घालणारा प्रस्ताव मंजूर केला. दुसरी, देशाच्या राज्यघटनेतली दुरुस्ती. १९९४च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने यावर मतदान घेण्याचं आश्वासन दिलं होतं. मार्च १९९५मध्ये ते झालंही, पण २२७ विरुद्ध २०४. लागणारी दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने अर्कान्सा राज्याच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा निकालाने सांगून टाकलं की राज्यांना अशी मर्यादा घालताच येणार नाही. म्हणजे कायदा गेला, दुरुस्ती पडली.

उरली तिसरी गोष्ट, उमेदवाराने स्वतः दिलेला शब्द. त्याला न्यायालयाने हात लावला नव्हता, लावूही शकत नव्हतं. ‘मर्यादाच रद्द झाली, मग शब्द कसला’ असा बचाव पुढे अनेकांनी केला. मला तो पटत नाही. कायदा असता तर शब्द द्यायची गरजच काय होती? कायद्याची सक्ती नसताना जे पाळायचं, तेच वचन.

२००० साल उजाडलं तेव्हा वॉट्स साधे सदस्य राहिले नव्हते. नोव्हेंबर १९९८मध्ये, पुढे सभापती झालेल्या एका नेत्याला हरवून ते सभागृहातल्या पक्षाचे चौथ्या क्रमांकाचे नेते झाले होते. बहुमत काठावरचं होतं. पक्षश्रेष्ठींनी जाऊ नका म्हटलं आणि ते चौथ्यांदा उभे राहिले. त्याच राज्यातून, त्याच १९९४च्या लाटेत निवडून आलेला एक डॉक्टर मात्र तीन मुदती संपताच २००१च्या जानेवारीत रुग्ण तपासायला परत गेला. दोघांचा शब्द एकच होता. लोक तुलना करणारच.

वॉट्स यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागा हातची जाईल ही पक्षाची भीती पोकळ नव्हती. स्वतः वॉट्स २०००मध्ये सुमारे ६५ टक्के मतांनी जिंकले, पण ते नसताना २००२मध्ये तीच जागा पक्षाने जेमतेम ५४ टक्क्यांवर राखली. आणि मतदारांनी त्यांना शिक्षा केली नाही हेही खरंच. तरी निवडून येणं म्हणजे वचनातून मोकळं होणं नव्हे. मतदाराने माफ केलं असं फार तर म्हणता येईल, आणि माफी चुकीलाच मिळते.

चौथी मुदत सुखाची गेली नाही. मे २००२मध्ये संरक्षण खात्याने क्रुसेडर ही स्वयंचलित तोफ रद्द केली. सुमारे ११ अब्ज डॉलरचा हा प्रकल्प, आणि फोर्ट सिलच्या परिसराची मोठी आशा त्यावर होती. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने केलेला हा घाव. १ जुलैला वॉट्स यांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं कुटुंबाचं.

नंतरचं आयुष्य धंद्यात गेलं. वॉशिंग्टनमध्ये सल्ला देणारी आणि सरकारदरबारी बाजू मांडणारी कंपनी त्यांनी काढली. २०१६मध्ये ओक्लाहोमातल्या एका मोठ्या सेवाभावी संस्थेचे ते प्रमुख झाले आणि त्याच वर्षात बाहेर पडले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी त्यांनी उभी केलेली वृत्तवाहिनी फेब्रुवारी २०२०मध्ये सुरू झाली, मार्च २०२२मध्ये बंद पडली.

त्याच चौथ्या मुदतीत झालेलं एक काम मात्र टिकलं. जॉर्जियाचे एक ज्येष्ठ डेमोक्रॅट १९८८पासून संसदेच्या दर कार्यकाळात आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं विधेयक मांडत होते. २००१मध्ये वॉट्स त्यांच्यासोबत उभे राहिले, विधेयक दोन्ही पक्षांचं झालं आणि वर्षअखेरीस आयोग नेमण्याचा कायदा झाला. संग्रहालयाचा मूळ कायदा डिसेंबर २००३चा, तेव्हा वॉट्स सभागृहात नव्हते. दालनं उघडली सप्टेंबर २०१६मध्ये. तीन मुदतींनंतर ते घरी गेले असते तर त्या विधेयकावर पहिल्या रिपब्लिकन सह्यांमध्ये कोणाची सही असती, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

चौथ्या मतदारसंघातून २००३च्या जानेवारीत जे रिपब्लिकन सदस्य त्यांच्या जागी आले, ते त्यानंतरची प्रत्येक निवडणूक जिंकत वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागेवर आहेत.