ऑक्सिजनचं मशीन न्यायला आलात, पण निदान कोणी केलं?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक · नौपाडा, ठाणे

घरी लागणारी ऑक्सिजनची मशीनं भाड्याने देणं आणि विकणं हा आमचा धंदा. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे या पत्रकात कुठलं औषध घ्या किंवा थांबवा असं काही सापडणार नाही. तरी हे छापायची वेळ आली, कारण मशीनची चौकशी संपल्यावर, डिपॉझिटचे पैसे मोजता मोजता, बरीच माणसं हळूच विचारतात, “बाबांना फुप्फुसाचा फायब्रोसिस सांगितलाय. यातला चांगला डॉक्टर कोण हो?”

एखादं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. आम्ही ते करत नाही. पेशंट पाठवल्याबद्दल आम्ही कोणाकडून एक रुपयाही घेत नाही, पण दुकानदाराने डॉक्टरचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येतेच, आणि ती यायलाही हवी. डॉक्टर शोधायचा कसा, एवढं मात्र सांगता येईल. आमच्या काउंटरवर इतक्या फायली उघडल्या गेल्यात की माणसांचे महिने कुठे जातात ते आता पाठ झालंय.

वेळ कुठे जातो

आधी जिना चढताना धाप लागते. कोरडा खोकला लागतो तो जातच नाही. घरचे म्हणतात, वय झालं. मग खोकल्याचं औषध, मग दम्याचा पंप, मग टू-डी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक्स-रेवर डाग दिसला की टीबीची शंका येते. आपल्याकडे टीबी एवढा आहे की डॉक्टरांच्या मनात तो आधी येणार, त्यात त्यांची चूक नाही. पण थुंकीत जंतू सापडलेले नाहीत, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) केलेलीच नाही आणि नुसत्या सावलीवर सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्यात, अशी फाइल आली की आम्हालाच हळहळ वाटते. सार्कॉइडोसिस नावाचा आजार तर टीबीचं सोंग घेण्यात पटाईत आहे. त्यात भलेभले फसतात.

रिपोर्टवर ‘आयएलडी’ लिहिलेलं असतं. इंटरस्टिशियल लंग डिसीज. हवेच्या बारीक फुग्यांच्या मधले पडदे सुजतात किंवा व्रण पडून जाड होतात (हे व्रण म्हणजेच फायब्रोसिस) आणि ऑक्सिजन रक्तात नीट उतरत नाही. या एका नावाखाली दोनशेहून जास्त आजार येतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. एका प्रकारात स्टेरॉइडने माणूस सुधारतो. आयपीएफ नावाच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, स्टेरॉइड आणि अझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) एकत्र देण्याची जुनी पद्धत होती, ती २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घातक ठरली. नुसतं ‘फायब्रोसिस’ म्हणणं म्हणजे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं. कशामुळे आणि कुठल्या प्रकारचा, हे कळेपर्यंत उपचार अंदाजानेच चालतात.

मोबाइलवर शोधलं तर ‘तीन ते पाच वर्षं’ असा आकडा समोर येतो आणि घरात रडारड होते. तो आकडा आयपीएफचा आहे, आणि तोही बराचसा आजची औषधं नव्हती त्या काळातला. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून केलेली भारतातली आयएलडीची नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १,०८४ पेशंटपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि आयपीएफ १४ टक्क्यांच्या आसपास. या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की श्वासावाटे आत जाणारी एखादी गोष्ट फुप्फुसाला सोसत नाही. पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा, भिंतीवरची बुरशी, एअर कूलरमधलं शेवाळलेलं पाणी.

ठाण्यात कबुतरं नाहीत अशी सोसायटी दाखवा! एसीच्या मागे, ग्रिलमध्ये, संडासाच्या डक्टमध्ये त्यांचं घर असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा वाद पेटला होता. कबुतरांना दाणे घालावेत की नाही, यात आम्ही पडत नाही. पण घरात आयएलडीचा पेशंट असेल तर तुमच्या खिडकीतले दाणे आजच बंद करा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कबुतरांचं सांगा. घोडबंदर रोडच्या एका ताईंच्या सासूबाई रोज बाल्कनी स्वतः झाडायच्या. तीन डॉक्टर झाले, बाल्कनीबद्दल विचारलं ते चौथ्याने.

डॉक्टर ओळखायचा कसा

पहिली गोष्ट पदवी. छातीच्या डॉक्टरांची पदवी एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन किंवा त्याच विषयातली डीएनबी. ज्येष्ठ डॉक्टरांच्या पाटीवर ‘टीबी अँड चेस्ट’ असं जुनं नाव दिसेल. त्यापुढची पदवी डीएम पल्मोनरी मेडिसिन. नुसतं ‘एमडी मेडिसिन’ असेल तर ते फिजिशियन. ते चांगलेच असतील, पण हा त्यांचा खास विषय नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी तपासता येते.

पदवीने फक्त पहिलं दार उघडतं. छातीचे बहुतेक डॉक्टर दिवसभर दमा, टीबी, सीओपीडी आणि न्यूमोनिया बघतात. आयएलडी नेहमी बघणारा डॉक्टर त्याच्या प्रश्नांवरून ओळखू येतो. तो विचारेल, आयुष्यभर काम काय केलं? दगडाची खाण, क्रशर, वेल्डिंग, धान्याचं गोदाम? पक्षी पाळलेत का? सकाळी बोटं आखडतात का, थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी-निळी पडतात का? हा शेवटचा प्रश्न संधिवाताच्या कुळातल्या आजारांसाठी, कारण ते कधीकधी सांध्यांआधी फुप्फुसात दिसतात. तो नखं बघेल. पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप लावून वेल्क्रो उघडताना येतो तसा चर्र आवाज येतो का, ते ऐकेल. दोन मिनिटांत फाइल मिटून कोणी ‘आयपीएफ’ लिहून दिलं, तर आम्ही तरी आमच्या घरच्या माणसासाठी दुसरं मत घेऊ.

दुसरी खूण म्हणजे हा डॉक्टर एकटा काम करत नाही. छातीचा डॉक्टर, छातीचे सीटी वाचण्यात मुरलेला रेडिओलॉजिस्ट, संधिवाताचा डॉक्टर आणि गरज पडली तर बायोप्सी बघणारा पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवलेलं निदान सगळ्यात भरवशाचं, असं जगभर मानतात. प्रत्येकाला बायोप्सी लागत नाही. सीटीतलं चित्र स्पष्ट असेल आणि बाकी माहिती जुळत असेल तर तेवढ्यावरही निदान होतं.

आता संकोचाचं. डॉक्टरांना “तुम्ही असे किती पेशंट बघता?” असं तोंडावर विचारायला आपली जीभ रेटत नाही. मग असं विचारा: “डॉक्टर, ही केस आयएलडीच्या चर्चेत ठेवता येईल का? किंवा अजून कोणाला दाखवावी असं तुम्हाला वाटतं का?” चांगला डॉक्टर यावर चिडत नाही, चिठ्ठी लिहून देतो. अशी चिठ्ठी हातात असणं आणि आपल्या आपण जाणं यात फार फरक पडतो.

काही आजार याहूनही विरळ. तरुण बाईच्या फुप्फुसाभोवती वारंवार हवा साठत असेल आणि सीटीत पाण्याच्या थेंबांसारख्या पोकळ्या दिसत असतील, तर डॉक्टरांना एलएएम नावाच्या आजाराबद्दल विचारा. त्यावर सिरोलिमस हे औषध आहे. पीएपी नावाच्या आजारात फुप्फुसाच्या फुग्यांत चिकट पदार्थ साठतो, म्हणून भूल देऊन अख्खं फुप्फुस सलाइनने धुतात, आणि ते फार थोड्या ठिकाणी होतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल तर नुसत्या एकोवर थांबत नाहीत, हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटर (बारीक नळी घालून दाब मोजणं) करावं लागतं आणि हृदयाचे डॉक्टरही सोबत लागतात.

जायचं कुठे

मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयांपासून सुरुवात करा. सगळे विभाग एका आवारात असतात, हा त्यांचा मोठा फायदा. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळचं. नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील, पुढे कामोठ्याचं एमजीएम. मुंबईत सायन, केईएम, नायर, जेजे. मोठ्या खाजगी रुग्णालयांतही आयएलडीची ओपीडी चालते. कुठे आणि कोणत्या वारी, हे फोनवर विचारा, कारण वार बदलतात. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या कारखान्यातली नोकरी असेल आणि ईएसआयसीचं कार्ड असेल, तर तिकडून रेफर करून घ्या. सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने होणारा) हा कायद्याने नोंद करावा लागणारा आजार आहे, त्यामुळे कामाची माहिती केसपेपरवर लिहून घ्यायला विसरू नका.

केईएम हे केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. ते ऐकून पुष्कळ लोक मदतीच्या आशेने धावतात. पण त्या धोरणाची यादी मुख्यतः जनुकीय आजारांची आहे. फुप्फुसाचा प्रत्येक विरळ आजार तिच्यात बसत नाही, तेव्हा निदानाचं नेमकं नाव घेऊनच चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा.

आमचा एक आगाऊ सल्ला: पहिल्या खेपेला पेशंटला नेऊ नका. ज्याला धावपळ झेपते असा घरातला कोणी फाइल घेऊन आधी जाऊन येऊ दे. ओपीडी कुठल्या इमारतीत, केसपेपर कुठे, लिफ्ट चालते का, व्हीलचेअर कुठे मिळते, एवढं बघून आलं की दुसऱ्या दिवशी पेशंटची निम्मी दमछाक वाचते.

फाइल

चांगला डॉक्टर मिळूनही फाइलमुळे खेप फुकट जाते, ती अशी. लोक सीटीचा छापील रिपोर्ट नेतात आणि सीडी घरी ठेवतात. डॉक्टरांना चित्रं बघायची असतात. रिपोर्ट म्हणजे दुसऱ्या कोणाचं मत. एचआरसीटीची (फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटीची) सीडी मागून घ्या आणि ती उघडते का ते घरीच पाहा. पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा एक्स-रे किंवा सीटी, भले तो ऑपरेशनआधी काढलेला असो, माळ्यावरून शोधून काढा. आजार किती वेगाने वाढला ते त्यातूनच कळतं.

पीएफटीचे (फुप्फुसाच्या क्षमतेच्या तपासण्यांचे) सगळे रिपोर्ट तारखेने लावा. नुसती फुंकर मारायची स्पायरोमेट्री या आजारात अपुरी पडते. डीएलसीओ झालीय का बघा. फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो, ते तिच्यात मोजतात. एका कागदावर तारीख आणि एफव्हीसीचा (एका दमात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचा) आकडा एवढंच उतरवून ठेवलंत तर डॉक्टर दुवा देतील. सोबत आजवरच्या सगळ्या औषधांची यादी. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट ही औषधंही क्वचित फुप्फुसाला त्रास देतात. कोणतंही औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, फक्त डॉक्टरांना सांगायचं.

जुन्या ठिकाणचे कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. हे हसत सांगितलं तरी काम होतं, भांडायची गरज नाही.

आणि मशीनचं

आम्ही चिठ्ठीशिवाय मशीन देत नाही. चिठ्ठीवर बसलेलं असताना किती लिटर, चालताना किती, झोपेत किती, हे वेगवेगळं लिहून आणा. या आजारात खुर्चीत बसलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर ९६ दाखवतो आणि रिक्षापर्यंत चालत जाऊन आला की ८६. म्हणूनच डॉक्टर सहा मिनिटं चालवून बघतात. घरी मोजताना बोटं गार असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

मशीन हवेतला नायट्रोजन अडवून नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देतं. वीज गेली की ते बंद, म्हणून एक सिलेंडर भरलेला ठेवाच. ओपीडीच्या दिवशी हिशेब असा: बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर, मिनिटाला २ लिटर लागत असेल तर बारा तास, ४ लागत असेल तर सहा. रांगेचा वेळ धरून सिलेंडर मागा. नळी नाकात असताना देवापुढची समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून लांब राहा. विडी-सिगारेट तर घरात कोणीच ओढायची नाही.

निदान बदललं, औषध लागू पडलं आणि डॉक्टरांनी ऑक्सिजन बंद करायला सांगितलं, तर लगेच फोन करा. आमचा माणूस येऊन मशीन घेऊन जाईल आणि उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळेल. नळी आणि मास्क मात्र परत घेत नाही.