अळणी आणि अळंबी

कोल्हापूरकडे मटण शिजायला पडलं की तांबडा-पांढरा रस्सा होण्याआधी एक गोष्ट तयार होते, जी ताटात तिच्या नावाने क्वचितच येते. हळद, आलं-लसूण आणि बेताचं मीठ लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी, म्हणजे अळणी. तापातून उठलेल्या माणसाला आणि चुलीपाशी घुटमळणाऱ्या पोरांना वाटीभर अळणी आधी मिळते. उरलेल्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ पडले की पांढरा रस्सा आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. रश्श्याचं कौतुक होतं ते मसाल्याच्या नावाने, पण दोन्हींचा जीव त्या पिवळसर पाण्यात असतो. अळणी पाणचट झाली तर वर कितीही तर्री आणा, रस्सा उभा राहत नाही.

या पाण्यात नेमकं काय उतरतं? एक तर जिलेटिन. नळ्या, सांधे, पाये यांच्यात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. तीन पदरी पीळ घातलेल्या दोरखंडासारखी त्याची रचना असते, म्हणून कच्चं असताना ते दातांना दाद देत नाही. ओल्या उष्णतेत साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हा पीळ सैल व्हायला लागतो आणि उकळीच्या जवळ काही तास ठेवला की त्याचे पदर सुटून पाण्यात विरघळतात. तेच जिलेटिन. कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत चढतं, म्हणून तिथे तेच काम कितीतरी लवकर होतं. रात्री अळणीचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाहा: वर चरबीचा पांढरा थर, आणि तो चमच्याने उचलला की खाली पिवळी, थरथरणारी जेली. पातेलं तिरकं केलं तरी ती हलते पण सांडत नाही. अशी जेली झाली की समजावं, हाडांनी आपलं काम केलं. गरम केल्यावर ती पुन्हा पाणी होते, पण हे पाणी जिभेवर जड लागतं आणि खाल्ल्यावर ओठ हलके चिकटतात.

जिलेटिनला स्वतःची चव मात्र जवळजवळ नसते. ते अंग देतं. चवीचा मोठा भाग देणारा रेणू वेगळा, आणि त्याची कहाणी मला फार आवडते.

जिवंत स्नायूंना ऊर्जा मिळते ती एटीपी नावाच्या रेणूतून. जनावर कापल्यावर एटीपी नव्याने तयार होणं थांबतं, पण मोडणं चालूच राहतं. काही तासांत मोडत मोडत त्याचं इनोसिनेट होतं. मटणाच्या पाण्याला जी मांसल, भरीव चव असते तिच्यात या इनोसिनेटचा मोठा हात. जिवंत स्नायूत ते नगण्य असतं. मांसाची ही चव प्राणी मेल्यानंतर घडते. पुढे काही दिवसांत इनोसिनेटही मोडतं आणि त्यातून किंचित कडवट हायपोझॅन्थिन उरतं. म्हणून शिळ्या मांसाची आणि शिळ्या मासळीची चव उतरते. आपल्याकडे नुकतं कापलेलं, गरम मटणच उत्तम असं मानतात. पण सकाळी आणलेलं मटण एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवलं तर ते मऊही होतं आणि अळणीही गोडसर उतरते. हे मी ठामपणे सांगेन.

जर्मनीत गीसेनला प्राध्यापक असलेल्या युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली गोमांसाच्या अर्कातून इनोसिनिक आम्ल, म्हणजे इनोसिनेटचंच आम्लरूप, वेगळं काढलं होतं. पुढे त्यांच्या नावाची मांसअर्काची कंपनीही निघाली. पण हातात आलेला हा पदार्थ चवीचं मर्म आहे, हे तेव्हा कळलं नाही. ग्लुटामिक आम्लाचंही तसंच. कार्ल हाइनरिश रिटहाउझेन यांनी १८६६ मध्ये ते गव्हाच्या चिकातून काढलं आणि रसायनांच्या यादीत त्याची नोंद झाली. चवीशी त्याचं नातं जोडलं ते टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी, १९०८ मध्ये. जपानी घरांत कोम्बू या समुद्री शेवाळाचं पाणी रोज रश्श्यासाठी काढतात. त्या पाण्यातली चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी एकीतही बसत नाही, हे इकेदांनी ओळखलं, तिचा माग काढत ते ग्लुटामेटपर्यंत, म्हणजे त्याच ग्लुटामिक आम्लाच्या क्षारापर्यंत, पोचले आणि त्यांनी तिला उमामी हे नाव दिलं. आपल्या षड्रसांतही तिच्यासाठी वेगळं घर नाही. १९१३ मध्ये त्यांचे विद्यार्थी शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनिटो मासळीत इनोसिनेट शोधलं. लीबिगच्या बाटलीतल्या रसायनाला असा सहासष्ट वर्षांनी अर्थ मिळाला.

तिसरा दुवा अळंबीचा. यामासा या सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीतले आकिरा कुनिनाका यांनी १९५७ मध्ये ग्वानिलेट या रेणूची चव ओळखली. वाळवलेल्या शिटाके अळंबीचा खास स्वाद त्याच्यामुळे असतो. आणि त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, जिच्यावर हा सगळा लेख उभा आहे: ग्लुटामेटमध्ये इनोसिनेट किंवा ग्वानिलेट मिसळलं की चवीची बेरीज होत नाही, ती कैक पटींनी वाढते. शिझुको यामागुची यांनी १९६७ मध्ये हे चाखणाऱ्यांच्या जिभेवर मोजलं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट निम्मं-निम्मं घेतलं तर तेवढ्याच वजनाच्या नुसत्या ग्लुटामेटच्या सात-आठ पट चव लागते. त्यांच्या सूत्रात दोन पदार्थांचा खराखुरा गुणाकार आहे. इनोसिनेटच्या जागी ग्वानिलेट घातलं तर परिणाम दुपटीहून जास्त.

आता मटणाच्या अळणीकडे पुन्हा बघा. तिच्यात इनोसिनेट आहे, पण मोकळं ग्लुटामेट बेताचंच. अळंबीत ग्लुटामेट आहे, आणि ती वाळवलेली शिटाके असेल तर ग्वानिलेटही. एकीकडे जे कमी ते दुसरीकडे आहे.

जिभेवर हे कसं घडतं तेही आता बरंच कळलं आहे. उमामी ओळखणारा ग्राहक, म्हणजे जिभेच्या पेशींवरचा चव टिपणारा रेणू, दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो, आणि तो २००२ मध्ये सापडला. त्यातल्या एका प्रथिनाचा बाहेरचा भाग उघड्या शिंपल्यासारखा आहे. ग्लुटामेटचा रेणू शिंपल्याच्या बिजागरीजवळ आत जाऊन बसतो, शिंपला मिटतो आणि मेंदूकडे निरोप जातो. पण मिटलेला शिंपला पुन्हा उघडू शकतो. २००८ मधल्या संशोधनाने दाखवलं की इनोसिनेट किंवा ग्वानिलेट शिंपल्याच्या तोंडाशी बसतं आणि मिटलेल्या कडा धरून ठेवतं. ग्लुटामेट अडकून पडतं, निरोप जास्त जोराने जातो. चव जिभेवर रेंगाळते असं आपण म्हणतो, त्याचं इतकं नेमकं चित्र मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हे वाचून न पटणाऱ्याने घरी तीन वाट्या मांडाव्यात. पहिलीत बिनमिठाची अळणी. दुसरीत वाळवलेल्या शिटाकेचं पाणी. तिसरीत दोन्ही निम्मं-निम्मं. तिन्ही सारखीच कोमट हवीत, कारण उष्णतेने चव बदलते. तिसरीत मटणही निम्मं आहे आणि अळंबीही निम्मी, म्हणजे हिशेबाने ती दोन्हींपेक्षा फिकी लागायला हवी. प्रत्यक्षात पहिला घोट घेतल्यावर गालांच्या आतून पाणी सुटतं, आणि तिच्यात मीठ घातलंय का असं चाखणारा विचारतो. मी हे घरच्या पाच जणांवर करून पाहिलं. पाचही जणांनी तिसरी वाटी संपवली.

असं असूनही अळंबी आणि मटण आपल्याकडे एका पातेल्यात का आलं नाही? याचं उत्तर मला पंचांगात दिसतं. कोकणात आणि गोव्यात रानातली अळंबी, गोव्याच्या बोलीत ओळमी, पावसाच्या मध्यावर वारुळांवर उगवते. वाळव्या वारुळाच्या पोटात ही बुरशी अक्षरशः शेतीसारखी वाढवतात आणि पावसात तिच्या छत्र्या वर येतात. नेमका तेव्हा श्रावण असतो आणि पुष्कळ घरांत मांस-मासळी बंद. म्हणून अळंबीला मटणाचंच वाटण लागतं. भाजलेलं खोबरं, कांदा, खडा मसाला घालून तिची शागोती होते आणि अगदी मटणासारखी लागते म्हणून वाखाणली जाते. जिभेने नातं बरोबर ओळखलं होतं. पण एकीच्या मोसमात दुसऱ्याला मज्जाव, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. वारुळाच्या अळंबीची शेती माणसाला अजून नीट साधलेली नाही, म्हणून ओरबाडून नेण्यापेक्षा काही छत्र्या जागेवर राहू देणं बरं. आणि ज्याला ओळख नाही त्याने रानात हात घालूच नये. काही विषारी अळंब्यांमधलं अमॅनिटिन शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि त्याची लक्षणं दिसेपर्यंत यकृतावर घाला पडलेला असतो.

बाजारात बाराही महिने मिळणारी बटन अळंबी किंवा धिंगरी आपल्या कामाला पुरेशी आहे. वाळवलेली शिटाके महाग असते, पण चार-पाच छत्र्या पुरतात. ती भिजवताना बहुतेक जण एक चूक करतात, कोमट पाण्यात टाकतात. ताज्या शिटाकेत ग्वानिलेट जवळजवळ नसतंच. वाळताना पेशी फुटतात, आणि नंतर शिजताना ६० ते ७० अंशांच्या आसपास एक विकर (एन्झाइम) तिच्या पेशींतल्या आरएनए या लांब रेणूचे तुकडे करून ग्वानिलेट घडवतं. दुसरं विकर ४५-५० अंशांच्या आसपास जोमात येतं आणि घडलेलं ग्वानिलेट मोडतं. म्हणजे कोमट पाण्यात तासभर भिजवणं हे जे घडायला हवं त्याच्या विरुद्ध. थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, रात्रभर भिजवावी. मग त्याच पाण्यासकट आचेवर चढवून ७० अंशांच्या आसपास थोडी रेंगाळू द्यावी. तळाला बारीक बुडबुडे धरतात पण पाणी हलत नाही, तो हा टप्पा. भिजवलेलं तपकिरी पाणी फेकू नका, तेच तर हवंय.

ताज्या अळंबीची अडचण वेगळी. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, आणि पाणी असेपर्यंत कढईचं तापमान शंभराच्या वर जात नाही. खमंगपणा आणणारी माइलार्ड प्रक्रिया जोर धरते ती १४० च्या पुढे. म्हणून मी लोखंडी कढई तापवते आणि जाड चिरलेली अळंबी तेलाशिवाय टाकते, एका थरात मावेल तेवढीच. आधी चर्र होतं. दोन मिनिटांत पाणी सुटतं आणि आवाज बदलून बुडबुड उकळल्यासारखा येतो. घाबरायचं नाही, झाकणही ठेवायचं नाही. पाणी आटलं की पुन्हा कोरडी चरचर सुरू होते. तेव्हा चमचाभर तूप सोडायचं, आणि कडा तांबूस झाल्या की उतरवायची. अळंबी जास्त शिजून लगदा होईल ही भीतीही नको. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं त्या पदार्थाच्या, आणि कायटिन उष्णतेला बधत नाही. मांस काही मिनिटं जास्त झालं तर चिवट होतं, भाजी गिचका होते, अळंबी तासाभराने तशीच.

अळणी मात्र हळू करायची. थंड पाण्यात नळ्या आणि खांद्याचं मटण घालून मंद आचेवर ठेवलं की मांसातली विरघळणारी प्रथिनं सावकाश गोठून फेसासारखी वर येतात आणि झाऱ्याने काढता येतात. धो धो उकळलं तर तोच फेस आणि चरबीचे कण पाण्यात घोटले जाऊन अळणी गढूळ होते. पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी ठेवायची आपली जुनी रीत उत्तम आहे. वाफ गार ताटाला लागून परत आत पडते, सुगंध कमी उडतो, आणि वरून घालायचं पाणीही आयतं गरम मिळतं.

मटण शिजत आलं की शिटाकेचं पाणी, भाजलेली अळंबी आणि मंद परतून तांबूस केलेला कांदा घालते. आलं-लसूण, चार मिरे, एक तमालपत्र, बस. लाल तिखटाचा हात इथे आखडता घ्यावा, नाहीतर ज्याच्यासाठी एवढं केलं तेच झाकतं. ज्यांचं यूरिक आम्ल वाढलेलं आहे त्यांनी हा रस्सा वाटीभरच घ्यावा. इनोसिनेट आणि ग्वानिलेट दोन्ही प्युरिन गटातले आहेत आणि शरीरात त्यांचं शेवटी यूरिक आम्लच होतं.

मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. नेहमीच्या अंदाजाच्या पाऊणपटीवर हात थांबवते, ढवळते, पुन्हा चाखते, आणि बहुतेक वेळा बरणी तशीच मिटते.